बुनलुएची नसबंदी

तिसऱ्या बाळंतपणात लामदुआन मरता मरता वाचली, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, बुनलुएनं, तिलाही न विचारता नसबंदी करून घेतली. तीस वर्षांनी त्याला लघवीचा त्रास सुरू झाला, तशी शेजारीण म्हणाली, “त्या ऑपरेशनानंच प्रोस्टेटचा कर्करोग होतो म्हणे.” माझ्यापायीच हे झालं, असं लामदुआनच्या मनानं घेतलं. खोनकेन शहरातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासण्यांचे कागद वाचले. “कर्करोग नाही, काका. वयानं ग्रंथी वाढलीय. आणि नसबंदीनं हा रोग होतो, असं सिद्ध झालेलं नाही.” फाटकाबाहेर बुनलुएनं भाजलेला मासा आणि चिकट भात घेतला. लामदुआन हळूच म्हणाली, “पण खरं निघालं असतं तर?” “तरी मी तेच केलं असतं. पोरींना आई हवी होती, मला भांडायला बायको.” तिनं डोळे पुसले आणि मासा आपल्याकडे ओढला. “मग पोटाकडचा मऊ तुकडा माझा.”