बाबांनी लपवलेला बिघाड

“पुन्हा एकदा, बाबा. जरा जोरात!”

गॅरेजच्या चढाशी चिंगी पोटावर आडवी झाली होती आणि गाल जवळजवळ जमिनीला टेकवून गाडीच्या मागच्या चाकांकडे बघत होती. बाबांनी क्लच सोडला. गाडी सरळ निघायच्या ऐवजी मागून थडाथड उडाली आणि दोन-चार उड्या मारून मग शहाण्यासारखी चढावर गेली.

“दिसलं काही?” बाबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“परीक्षा घेणाऱ्याने पेपरात डोकावायचं नसतं.”

बाबांनी मुकाट्याने डोकं आत घेतलं.

ही परीक्षा त्या दिवशी सकाळीच ठरली होती. गॅरेजमध्ये येऊन चिंगीला काही वर्षं झाली होती, पण तिच्या वाट्याला हवा भरणं आणि ऑइल बदलणं एवढंच येई. स्प्रिंगचे पाटे, शॉक, ॲक्सल यांना बाबा दुसऱ्या कुणाला शिवूही देत नसत. शेवटी वैतागून तिने विमा कंपनीत अर्ज टाकला आणि नोकरी लागलीसुद्धा. चहाच्या वेळी तिने बाबांना सरळ सांगून टाकलं, “सोमवारपासून एकतर पाना, नाहीतर विमा. काय ते ठरवा.”

बाबांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. मग ते म्हणाले, “केकवाल्या बाईंची गाडी उभी आहे ना, तिच्यात मी मुद्दाम एक बिघाड घालून ठेवलाय. जागेवरून निघताना मागून उडते. शोधलास, तर गॅरेज तुझं आणि मी तुझ्या हाताखाली. नाही सापडला, तर खुशाल विमे विक.”

“गिऱ्हाइकाच्या गाडीत बिघाड घातलात?”

“काढणारच आहोत की! पण बाईंपाशी एक अवाक्षर काढायचं नाही. त्या आल्या तर मीच बोलेन.”

कपबशा उचलता उचलता आई गालातल्या गालात हसली.

चिंगी कंबर कसून कामाला लागली. विम्याच्या टेबलाशी जन्म काढायची तिची मुळीच इच्छा नव्हती. टायरमधली हवा बरोबर होती. शॉक कोरे करकरीत होते, रबरी बुशही नवे. म्हणजे म्हाताऱ्याने तिला चकवायला चक्क नवे भाग बसवले होते! अस्सा कावा आहे तर, असं म्हणत तिने खडू घेतला आणि ॲक्सलवर, त्याच्या वरच्या पाट्यांवर पांढऱ्या रेघा ओढल्या. मग बाबांना पुन्हा पुन्हा गाडी काढायला लावली.

शेवटी तिला ते दिसलं. उजवीकडच्या रेघा एका ओळीत राहत होत्या. डावीकडच्या मात्र गाडीने जोर घेतला की सरकत. उडी डावीकडून सुरू होत होती.

तिने हातोडी घेतली आणि एकावर एक रचलेल्या त्या लोखंडी पाट्यांवर हलकेच मारत गेली. उजवीकडचे सगळे टणटणीत वाजले. डावीकडे मधोमध आल्यावर मात्र फुटक्या भांड्यासारखा बद्द आवाज आला. वरून बघितलं तर पाटे अगदी धडधाकट होते. तिने गाडी उचलून घेतली आणि मधली पकड खोलली. पकडीखाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, दुसरा पाटा तुटून दोन तुकडे झाला होता. तुटलेल्या कडांवर चांगला गंज चढला होता.

भंगारातून तुटका पाटा शोधून आणून इथे दडवायचा! चिंगीला बापाच्या डोक्याचं मनापासून कौतुक वाटलं.

तोवर बाबा तिच्या शेजारी गुडघ्यांवर बसले होते. “अगं बाई! इथे होय!”

“नाटक पुरे, बाबा.”

“नाटक राहू दे. तुला सुचलं कसं ते सांग. आधी खडू, मग हातोडी?”

“तुम्हाला माहीत नाही की काय?”

“तोंडी परीक्षापण असते,” बाबा म्हणाले.

त्यांनी तिच्याकडून सगळं पहिल्यापासून वदवून घेतलं. तुटका पाटा पुन्हा वाजवायला लावला, आणि त्याला कान लावून, डोळे मिटून तो आवाज ऐकला. मग दोघांनी मिळून नवा पाटा चढवला. यावेळी पाना चिंगीच्या हातात होता आणि बत्ती बाबा धरून होते. काम संपल्यावर त्यांनी तिच्या पाठीवर असा धपाटा घातला की शर्टावर ग्रीसचा पंजा उमटला.

“विमा कंपनीला कळवून टाक,” ते म्हणाले. “मुलगी कामात आहे म्हणावं.”

चिंगीला आभाळ ठेंगणं झालं. बाबा गाडी घेऊन चढावर गेले. थांबले, सुसाट निघाले, पुन्हा थांबले, पुन्हा निघाले. गाडी जराही उडेना. बाबा मात्र सीटवर उडत होते आणि उगीचच हॉर्न वाजवत होते.

तेवढ्यात फाटकातून केकवाल्या बाई आल्या. हातात मोठा खोका होता. चढावरची आपली गाडी बघून त्या जागीच थांबल्या.

“थांबली उडायची? खरंच?” त्यांचा विश्वासच बसेना. “काय सांगू तुला, सहा महिने झाले. गाडी काढली की केकचा वरचा मजला खालच्या मजल्यावर! तुझ्या बाबांनी शॉक बदलले, बुश बदलले, पण हिचं आपलं तेच.”

हात पुसता पुसता चिंगी थबकली.

“हा केक त्या मोठ्या मेकॅनिकसाठी,” बाई म्हणाल्या. “कुठे आहेत ते? परवा बाबांनी अक्षरशः हात जोडले. म्हणाले, ‘बाई, माझी विद्या संपली. आता माझ्याहून वरचढ हातच लागणार. तसा हात आमच्या घरातच आहे हो, फक्त मदत मागायची कशी, तेवढं सुचत नाहीये.’”