बिनसाखरेची

"एक गोड, एक बिनसाखरेची," रातिब म्हणाला आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीवरची धूळ त्यानं रुमालानं झटकली.

अलेक्झांड्रियातला त्याचा हा दुसरा दिवस. काल त्यानं मन लावून काहीही केलं नव्हतं. ट्राम जिथपर्यंत जाते तिथपर्यंत गेला, त्याच ट्रामनं परत आला, समुद्राच्या कठड्यावर बसून भाजलेलं कणीस खाल्लं, जागेवरून एका मांजराशी भांडला आणि हरला. अख्ख्या शहरात त्याला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. या गोष्टीचं त्याला इतकं सुख झालं की तो शीळ घालत चालला. तिकडे लेबनॉनात, त्याच्या सैदा गावात, म्हाताऱ्या शिंप्यानं शीळ घातली असती तर दिवस मावळायच्या आत लोक त्याच्यासाठी बायको शोधायला लागले असते.

सैदात तो सकाळची कॉफी खिडक्या लावून घ्यायचा. गोड स्वतःची, बिनसाखरेची वदादची. वदाद जाऊन काही वर्षं झाली होती. दोन्ही कप तोच प्यायचा. मग तिचा कप बशीवर पालथा घालायचा, निवला की सुलटा करून आतल्या गाळाच्या रेघा वाचायचा. ती असताना त्याचा कप ती वाचायची, तसाच. त्या रेघांतून ती त्याच्याशी बोले. फार नाही, एखादं वाक्य. तेवढ्यावर त्याचा दिवस निघे.

हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. मिस्बाह, त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, चादरी-टॉवेलांचा व्यापारी. एकदा दार न वाजवता आत आला आणि कप हातात घेतलेला रातिब त्याला दिसला. कुणाला सांगणार नाही म्हणून त्यानं ताटातल्या भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली होती.

मिस्बाह माल घ्यायला दर हिवाळ्यात इथं अलेक्झांड्रियाला येई. परवा त्यानं रातिबला बजावलं होतं, "सगळीकडे भटक. फक्त मन्शिया चौकामागं बयूमीचं कॉफीचं दुकान आहे, तिथं पाय ठेवू नकोस. कॉफीत चणे दळून घालतो लेकाचा." पण बयूमीच्या कॉफीचा वास असा की चौकापलीकडच्या माणसाला कॉलर धरून ओढत आणेल. त्यानं रातिबला आणलं.

बयूमी पोट सावरत दोन कप घेऊन आला. "पाहुणे यायचेत का, पाशा?"

"नाही."

परक्या गावात कुणाची लाज, असं म्हणत रातिबनं सावकाश दोन्ही कप संपवले. कॉफीत चण्याचा मागमूस नव्हता. बिनसाखरेचा कप त्यानं बशीवर पालथा घातला, तेव्हा बयूमी अजून तिथंच उभा होता.

"सैदाचे का तुम्ही?"

"हो."

"शिंपी?"

रातिबनं मान वर केली.

"शेनूदा," बयूमीनं आत हाक दिली, "फासे ठेव आणि बाहेर ये. वदादबाईंचा नवरा आलाय."

तिचं नाव. मिशीला कॉफीचा फेस लागलेल्या परक्या तोंडून, भर रस्त्यात.

शेनूदा नावाचा काटकुळा पोस्टमन बाहेर आला, त्याच्यामागं आतली सगळी गिऱ्हाइकं. "म्हणजे हा माणूस खरंच आहे? मी तर मिस्बाहला म्हणायचो, तुझा मासा जाळ्यात बोटाएवढा असतो आणि आमच्यापर्यंत येईतो होडी गिळतो." बोलता बोलता तो समोरच्या खुर्चीवर बसला. "काय हसवतो हो तो आम्हाला. भेंडी जून आणली म्हणून बाईंनी तुम्हाला कपातून झापलं. मग ईदच्या दिवशी कप रुसला, बशी सोडेना."

"आणि ते राहिलंच की," बयूमीनं आवाज बारीक केला. "कानटोपी घाल रे म्हाताऱ्या, मला एवढ्यात सुतकाचे काळे कपडे नकोत."

सगळे हसले. प्रेमानंच हसले.

भेंडी मिस्बाहनं रचलेली होती, रुसवाही त्याचाच. कानटोपीचं मात्र वदाद खरंच म्हणायची, दारात उभी राहून, आणि शेवटच्या शब्दावर तिचा आवाज असाच जरासा चढायचा. मिस्बाहनं तो चढसुद्धा उचलून आणला होता.

"कधीपासून सांगतोय तो?" रातिबनं विचारलं.

"बाई गेल्या त्याच हिवाळ्यापासून. थंडी पडली की आम्ही वाट बघत बसतो. वदादबाई आम्हाला घरच्यासारख्या झाल्यात, देवाशपथ." बयूमीनं छातीवर हात ठेवला. मग त्यानं पालथ्या कपाकडे बोट केलं. "आज तुमच्याच तोंडून होऊन जाऊ द्या. काय म्हणतात बाई?"

हसणं थांबलं. मागच्यांनी माना पुढं काढल्या. रातिबनं उठून जायचं ठरवलं होतं, पण कप निवला होता आणि निवलेला कप त्यानं एकाही सकाळी तसाच सोडला नव्हता. त्यानं तो उचलला. उजेडाकडे धरला. थोडा फिरवला, परत फिरवला, डोळ्यांजवळ नेला.

"काय म्हणतात?" शेनूदानं वदादच्या खुर्चीतून विचारलं.

"गाळ आहे," रातिब म्हणाला.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग शेनूदानं मांडीवर थाप मारली आणि अख्खं दुकान खदखदून हसलं. बयूमीनं डोळे पुसले. "मिस्बाह काय सांगेल याच्यापुढं," तो म्हणाला आणि आणखी एक बिनसाखरेची टाकायला आत वळला.

रातिब कप उजेडात फिरवत राहिला.