सहलीचा शेवटचा फोटो

युरोपची सहल करून शामकांत आणि कुमुद सिंगापूरला परतले. आलेल्या पाहुण्यांना चिवडा देऊन अल्बम दाखवून झाला आणि दोघं दुपारची आडवी झाली. तेव्हा त्यांच्या चिंगी मांजरीनं तोच अल्बम शेजारच्या मिस्टर तान यांच्या बोक्यापुढे उघडला.

"हा आयफेल टॉवर."

"कुठाय?"

"आमच्या बाईंच्या डोक्यामागे."

"आणि आल्प्स?"

"ते साहेबांच्या पोटामागे. हे व्हेनिस. इथे त्यांनी घरून नेलेले मेथीचे ठेपले खाल्ले."

बोक्यानं पाहुण्यांसारखीच जांभई गिळली. चिंगीनं पंज्यानं शेवटचं पान उलटलं. सोफ्यावर बसलेल्या चिंगीचाच फोटो होता तो.

"हा नीट बघ. मला वाटलं होतं, तिकडे जाऊन विसरले मला. पण घरात आल्या आल्या, बॅगासुद्धा न उघडता, आधी माझा फोटो काढला त्यांनी."

बोक्यानं फोटोजवळ नाक नेऊन तो नीट पाहिला.



मग हळूच म्हणाला, "आमचे तानसाहेबही दर सहलीनंतर माझा एक काढतात; कॅमेऱ्यातला रोल संपल्याशिवाय धुवायला देता येत नाही ना."