होडीतला बंब

नौदलातून निवृत्त झालेल्या नाथाजींनी धोम धरणाच्या पाण्यात शिडाची होडी ठेवली आणि अंघोळीसाठी तिच्या केबिनमध्ये बायको मनुबाईंच्या माहेरचा तांब्याचा बंब बसवला. शिडाशेजारून धूर निघाला की काठावरून हाक यायची, "नाथाजी, आगबोट कवा सुटणार?" घरी मनुबाई मात्र बारा वर्षं चुलीवर पाणी तापवत राहिल्या.

यंदा दिवाळीच्या तोंडावर नाथाजींनी होडीसाठी गॅसचा नवा गिझर आणला. खोकं घरी ठेवून ते बंब काढायला गेले. पण बंब आत ठेवून मगच केबिनच्या वरच्या फळ्या ठोकलेल्या, त्यामुळे तो दारातून निघेना. शेवटी होडीचं दारच करवतीनं कापावं लागलं. दोन दिवसांनी टेम्पोतून बंब अंगणात उतरवत ते ऐटीत म्हणाले, "घे गं तुझा बंब. पहिल्या अंघोळीला माहेरचं पाणी!"

मनुबाई ओले केस झटकत न्हाणीतून बाहेर आल्या.



"आवं, व्हता तिथं नेऊन ठेवा त्यो. गिझर मी कालच न्हाणीत बसवून घेतलाय, पाणी लय कडक येतंय."