समोर विचारा

“संपली हो, ताई,” थोरला म्हणाला आणि बिजागऱ्यांनी गच्च भरलेला खण त्याने पोटानेच हळूच आत ढकलला.

बाईच्या हातात मोडकी पितळी बिजागरी होती. कपाटाचं दार एका अंगाला लोंबतंय म्हणे. आधी ती नाक्यावरच्या मोठ्या दुकानात जाऊन आली होती, जिथे काचेची दारं आपोआप उघडतात आणि खिळ्यापासून फ्रिजपर्यंत सगळं मिळतं. फक्त एक बिजागरी मिळत नाही. अख्खं पाकीट घ्यावं लागतं.

“समोर विचारा,” थोरल्याने हनुवटीने रस्त्यापलीकडे दाखवलं. “त्याच्याकडे हमखास असणार.”

आपल्या तोंडून हे निघालं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं. समोरचं दुकान त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. तेही हार्डवेअरचंच. आणि दोघांत विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून, तर गिऱ्हाइकावरून. धाकट्याच्या पायरीवर चढलेल्या माणसाला थोरल्याने हाक मारून बोलावलं आणि रंगाचा डबा विकला. धाकटा भर रस्त्यात ओरडला, “माझ्या तोंडचा घास काढलास!” त्या एका डब्यापायी दोघांनी अर्धं आयुष्य अबोला धरला. आई आजारी पडली तेव्हासुद्धा दवाखान्यात आळीपाळीने बसले, एकमेकांचं तोंड बघायला नको म्हणून. आठवड्याची सुट्टीही वेगवेगळ्या वारी. एकाचं दुकान बंद असलं की दुसऱ्याला आनंदाच्या उकळ्या फुटायच्या.

मग नाक्यावर ते मोठं दुकान आलं. या दोघांना माल विकत घ्यायला जेवढे पडायचे, त्याहून कमीत तिथे विक्री. आधी चावीवाला उठला, मग काचवाला, मग सायकलवाला. रस्त्यावर हे दोघेच उरले, समोरासमोर माशा मारत. आणि गंमत बघा, त्याच समोरच्या चेहऱ्याचा थोरल्याला आधार वाटायला लागला. सकाळी पलीकडचं शटर खडखडत वर गेलं की याचा जीव भांड्यात पडायचा. चला, आहे अजून.

काल थोरल्याची सुट्टी होती. आज येऊन बघतो तर धाकट्याचं लक्षण काही ठीक दिसेना. पायरी झाडलेली नाही. प्लास्टिकच्या बादल्यांची माळ बाहेर टांगलेली नाही. दिवासुद्धा लावलेला नाही. अंधाऱ्या दुकानाच्या तोंडाशी स्टूल टाकून तो नुसता इकडे बघत बसला होता.

‘चिक्कू लेकाचा, वीज वाचवतोय,’ थोरला आधी पुटपुटला. मग त्याने पुन्हा एकदा नीट निरखून बघितलं. गडी हिंमत हरला होता. असाच बसून राहिला तर महिन्याभरात कुलूप लावेल. मग आपण दिवसभर बघायचं कुणाकडे? आज एक तरी गिऱ्हाईक त्याच्या पायरीवर चढायलाच हवं, एवढं एकच थोरल्याच्या मनात होतं.

बाई रस्ता ओलांडून गेली. धाकट्याशी दोन शब्द बोलली आणि कपाळाला आठ्या घालून तशीच परत आली.

“ते म्हणतात माझ्याकडे नाही. म्हणाले, खण भरलेला असतो दादाचा. नीट बघ म्हणावं त्याला.”

दादा! थोरल्याने काउंटरची कड घट्ट धरली. किती वर्षांनी तो शब्द या दुकानात आला होता, तोही परक्या बाईच्या तोंडून. अरे, म्हणजे हाही तेच करतोय! स्वतःचं गिऱ्हाईक माझ्याकडे धाडतोय! पितळी बिजागरी धाकट्याकडे नाही असं कधी झालं होतं का?

“त्याला म्हणावं, दादा सांगतोय, तूच दे,” थोरला म्हणाला.

“अहो काका, मी काय चेंडू आहे का तुम्हा दोघांचा?” बाई भडकली. “जाऊ दे, पाकीट तर पाकीट!” आणि ती तरातरा नाक्याच्या दिशेने चालू लागली.

गेली तर गेली. हातचं गिऱ्हाईक गेलं आणि वाईट वाटलं नाही, असं थोरल्याच्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं. त्याला हसूच यायला लागलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, आणि त्यासाठी एवढी वर्षं घालवली! दोन दुकानांचं एक करायचं. एक भाडं वाचेल, सगळा माल एका जागी येईल, मग बघू नाक्यावरचा काय करतो ते. दुकान उघडं टाकून तो रस्ता ओलांडून गेला.

“लबाडा,” तो पायरीवरूनच म्हणाला, “तिला उगाच माझ्याकडे पिटाळलंस ना? पुरे झालं आता. ऐक माझं. तुझा सगळा माल उचल आणि माझ्याकडे आण. दोघं मिळून…”

तेवढ्यात डोळे अंधाराला सरावले. आत फळ्या होत्या. फळ्यांवर काहीच नव्हतं. खिळ्यांचे खण उघडे पडले होते, आणि भिंतीवर जिथे कड्या-कुलपं टांगलेली असायची तिथे नुसते खिळे होते.

धाकटा उठला. दुकानात उरलेलं ते एकुलतं स्टूल त्याने दादापुढे सरकवलं.

“काल तुझी सुट्टी होती ना, तेव्हाच सगळा माल देऊन टाकला. तुझ्या डोळ्यांदेखत देववला नसता. संध्याकाळी किल्ली जागेच्या मालकाच्या हातात द्यायची आहे.”

“अरे, मग आज कशाला उघडलंस?”

“काही नाही रे दादा. म्हटलं, शेवटचं एकदा तुझ्यासमोर बसावं.”