आठ कवळ्या

नव्या सिस्टरनं पहिल्याच दिवशी घोळ घातला. स्मृतिभ्रंशाच्या वॉर्डातल्या आठही आजोबांच्या कवळ्या तिनं एकाच टबात धुवायला टाकल्या, आणि कुठली कुणाची हे सांगू शकेल असं तिथे कोणीच नव्हतं.

मोठ्या सिस्टरनं कपाळाला हात लावला. "आता बसेल त्याच्या तोंडात बसव. आणि आटप लवकर, आज रविवार, घरची माणसं येतील."

कुणाला ढिली, कुणाला घट्ट. एका आजोबांनी तर नीट बसल्याची खात्री म्हणून तिचं बोटच चावून दाखवलं. शेवटी सगळ्यांचं जमलं. फक्त कोपऱ्यातल्या आजोबांनी आपली कवळी तीनदा थुंकून टाकली. पण त्यांना रोज सकाळी त्यांचं नावसुद्धा सांगावं लागायचं, त्यांचं कोण मनावर घेणार!

दुपारी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचा मुलगा आला, आठ महिन्यांनी. नवी सिस्टर खाटेजवळच घुटमळत राहिली. त्यानं वडिलांच्या गळ्यात हात टाकला, त्यांना हसायला लावलं, फोटो काढला आणि फोन तिच्यापुढे धरला.

"बघा सिस्टर, बाबांचं हसू! लहानपणापासून बघतोय, तसूभरही बदललेलं नाही."

तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात कोपऱ्यातले आजोबा काठी टेकत आले. डोळे बारीक करून त्यांनी तो फोटो पाहिला.

 

"हसू असेल तुझ्या बापाचं. दात माझे आहेत."