सुटत नाही

“तंबाखू, सिगारेट, काही?” डॉक्टरांनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

लक्ष्मणने खाली पाहिलं. “सिगारेट. बरीच वर्षं.”

शेजारी बसलेली जयवंता वळून त्याच्याकडे बघतच राहिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या खिशात कधी साधी काडेपेटी सापडली नव्हती.

“ऑफिसातच ओढायचो,” तो पुटपुटला. “घरी येताना तोंड धुऊन, वेलची चघळून यायचो.”

“मग आधी ती सोडा,” डॉक्टर म्हणाले. “तुम्हाला भूल द्यायची आहे, फुप्फुसं धड हवीत. दीड महिना एकही नको. मग लघवी तपासू, त्यात सगळं कळतं. ती चांगली आली की भावाला किडनी द्यायची तारीख ठरवू.” आणि पेन उलटं धरून त्यांनी आपल्याच कुशीवर एक लांब रेघ ओढून दाखवली. “इथून काढायची.”

बाहेर बाकावर अप्पाराव बसले होते. डायलिसिसने रंग काळवंडला होता. वडील गेले तेव्हा त्यांनी कॉलेज सोडून बेगम बाजारात मिरचीची पोती उचलली होती, धाकट्याला मात्र शिकवलं. पुढे स्वतःचं दुकान झालं, लक्ष्मण आबिड्सच्या ऑफिसात चिकटला. आता अप्पारावांना किडनी हवी होती. तारामतीवहिनींना साखरेचा आजार, मुलगी तन्वी अजून शाळेत. जुळली ती एकट्या लक्ष्मणची.

सिगारेटचं कळल्यावर अप्पाराव नुसते हसले. “आमचा पोरगा ओढतो म्हणे. होईल, सुटेल.”

सुटली नाही.

जयवंताने कंबर कसली. रोज संध्याकाळी ती त्याचा शर्ट हुंगायची, खिसे उलटे करायची. डब्यात बडीशेप, लवंग, खडीसाखर भरून द्यायची. चार दिवस बरे जायचे, पाचव्या दिवशी तो कुठेतरी सापडायचा. आणि सापडायचा तोही नेमका नको तिथे. गौलीगुड्याच्या बस स्टँडवर पोलिसाने हटकलं, तेव्हा दुकानात जायला निघालेल्या वहिनी समोरच उभ्या होत्या. ऑफिसच्या जिन्यात ओढली म्हणून साहेबांनी नोटीस दिली, ती जयवंताच्या हाती पडली.

“अहो, माणूस चोरून तरी ओढतो,” ती रडत म्हणाली. “तुम्हाला एवढंही कळत नाही?”

“हात ऐकत नाहीत,” लक्ष्मण म्हणाला. त्याला खोकल्याची उबळ आली आणि तो बाहेर गेला.

पहिली तपासणी वाईट आली. डॉक्टरांनी आणखी दीड महिना दिला. दुसऱ्या तपासणीच्या सकाळी तो हॉस्पिटलच्या दारातच, धूम्रपान बंदीच्या पाटीखाली झुरके घेत उभा होता. वॉचमन धावत आला.

“साब, इधर नक्को. बोर्ड नहीं दिखता क्या?”

त्याच वेळी डॉक्टर गाडीतून उतरत होते. त्यांनी गाडीचं दार लावलं, लक्ष्मणकडे एकदा पाहिलं आणि आत गेले. दुपारी त्यांनी अप्पारावांच्या फाइलवर लिहिलं की हा दाता चालणार नाही. सरकारी यादीत नाव घातलं. यादी लांबलचक होती.

अप्पाराव डायलिसिसच्या खाटेवर पडले होते. मशीन घरघरत होतं. लक्ष्मण पायाशी उभा राहिला.

“बस रे,” अप्पाराव म्हणाले. “मनाला लावून घेऊ नको. व्यसन असंच असतं. तू प्रयत्न केलास, मी बघितलंय.”

“दादा...”

“माझं राहू दे. पण सोड ती. जयवंतासाठी सोड. तुलाही काही झालं तर तिने, तुझ्या वहिनीने आणि तन्वीने कुणाकडे बघायचं?”

लक्ष्मणने त्यांचे पाय धरले. बराच वेळ सोडले नाहीत. शेजारच्या खाटेवरच्या बाईने डोळ्यांना पदर लावला.

यादीत नंबर लागायच्या आधीच अप्पाराव गेले. मशीन चालू असतानाच हृदय बंद पडलं.

भेटायला येणारे लक्ष्मणकडे तिरक्या नजरेने बघायचे. तारामतीवहिनी मात्र एकदाही त्याला टोचून बोलल्या नाहीत. उलट एकाने विषय काढला तेव्हा त्या म्हणाल्या, “भाऊजींना बोलू नका. त्यांच्या हातात असतं तर त्यांनी दिली नसती का?” लक्ष्मण उठून मागच्या गॅलरीत गेला.

तेराव्यानंतर त्याने खरंच सोडायचं ठरवलं. घरातलं, ऑफिसातलं पाकीट स्वतः मोरीत भिजवलं. दुसऱ्या दिवशी त्याचे हात कापायला लागले, तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला आलं, चौथ्या दिवशी जेवणाच्या ताटावरून उठून तो टपरीवर पळाला. पुन्हा सोडली, पुन्हा पळाला. जयवंता आता शर्ट हुंगत नव्हती. तो परत आला की ती दार उघडायची आणि बाजूला व्हायची.

किडनी जुळल्याचं कळलं, तो दिवस अजून त्याच्या डोळ्यांपुढे होता. अप्पारावांनी सगळ्या वॉर्डला पेढे वाटले होते. तिथेच बाकावर बसलेल्या, किडनी द्यायला आलेल्या दुसऱ्या एका माणसाला नर्स सांगत होती, सिगारेट ओढणाऱ्याची आम्ही घेत नाही, तुमचं नाव कटलं. त्या संध्याकाळी लक्ष्मण आबिड्सला पोस्टासमोरच्या टपरीवर थांबला आणि एक सिगारेट मागितली. कुठली, ते त्याला सांगता येईना. टपरीवाल्याने दिली ती त्याने ओठात धरली आणि काडी ओढली. टपरीवाल्याने ती हळूच काढून घेतली, उलटी केली आणि परत दिली.

“पैली बार पी रैं क्या साब?”

“हौ,” लक्ष्मण म्हणाला.